हजेरीपटाबाहेर

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



याच सभागृहात मागच्या भिंतीला टेकून, सतरंजीवर मांडी घालून मी अनेक व्याख्याने ऐकली आहेत. खरे सांगायचे तर काही ऐकली आणि काहींच्या वेळी डुलक्या घेतल्या. त्यामुळे समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचे डोळे मिटू लागले, तर मला त्याचा राग येणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत ते आमचे सर मात्र डुलकी घेणाऱ्याला कधी उठवत नसत. दुसऱ्या दिवशी त्यालाच व्याख्यानाचा वृत्तान्त हस्तलिखितासाठी लिहून आणायला सांगत. मी असे तीन वृत्तान्त लिहिले आहेत, एवढेच नमूद करून विषयाकडे वळतो.

‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा व्यक्तिविकास आणि अभ्यासेतर उपक्रम’ हा विषय संयोजकांनी मला दिला. सुरुवातीलाच या शब्दाविषयीची माझी एक तक्रार नोंदवतो. ‘अभ्यासेतर’ म्हणजे अभ्यासाहून वेगळे. या शब्दामुळे असा समज होतो की अभ्यास हा मुख्य धंदा आणि नाटक, वक्तृत्व, खेळ, शिबिरे, गिर्यारोहण ही त्याला लावलेली झालर. झालर नसली तरी कापड फाटत नाही. म्हणून परीक्षा जवळ आली की पालक पहिल्यांदा ती उसवतात. माझ्या पन्नासेक वर्षांच्या अनुभवाने मी वेगळ्या निष्कर्षाला आलो आहे. तो कसा आलो हे सांगण्यासाठी मला माझी एक चूक आपल्यापुढे उघड करावी लागणार आहे. पण त्याआधी, आपण ज्या नगरीत राहतो तिच्याकडे थोडे पाहू.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला हा विषय दूरचा वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1906 साली संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा अक्षरे विसरू नये म्हणून त्यांनी 1910 साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावले आणि गावोगाव वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. शाळा आपले दार संध्याकाळी लावून घेते. त्यानंतर उघडे राहणारे एखादे दार समाजात असले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. व्यायामाचेही तसेच. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावे ज्यांनी ऐकली नाहीत अशी जुनी मराठी घरे या शहरात क्वचितच असतील. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला तो याच बडोद्यात. आखाड्यात कोणी प्रश्नपत्रिका काढत नाही. मोठा मुलगा लहानाला मल्लखांबावर चढवतो, तो घसरला तर खांद्यावर झेलतो, आणि या झेलण्यातच तो स्वतः मोठा होतो.

आणि याच शहरात विनायक नरहर भावे नावाचा एक विद्यार्थी शिकला. पुढे जग त्याला विनोबा म्हणून ओळखू लागले. बडोद्यात असताना विनोबा आणि त्यांच्या मित्रांनी ‘विद्यार्थी मंडळ’ काढले होते. तेथे वाचन होई, चर्चा होत, मित्रांपुढे व्याख्याने देण्याचा सराव होई. कोणत्याही महाविद्यालयाने हे मंडळ त्यांना काढून दिले नव्हते. पुढे, 25 मार्च 1916 रोजी, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले, ही कथा सर्वांना माहीत आहे. गाडीतून उतरण्याचा तो प्रसंग नाट्यपूर्ण असल्यामुळे आपल्या लक्षात राहतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. या मंडळातले काही मित्र पुढे त्यांच्यापाठोपाठ गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. वर्गातली ओळख परीक्षेबरोबर संपते. एकत्र काम केलेल्यांची ओळख आयुष्यभर टिकू शकते. (समोरच्या विद्यार्थ्यांनी यातून परीक्षेला न जाण्याचा बोध घेऊ नये. विनोबांनी परीक्षा सोडली, अभ्यास अखेरच्या दिवसापर्यंत सोडला नाही.)

1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. 1950 साली सुरू झालेल्या ललितकला विद्याशाखेची जत्रा आमच्या पिढीने पाहिली आहे. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसून खेळणी करीत आणि शहरातली माणसे ती पाहायला, घ्यायला येत. ज्या विद्यार्थ्याच्या कलाकृतीवर प्राध्यापक वर्गात गंभीर चर्चा करीत, त्याच विद्यार्थ्याला तेथे एखादे चार वर्षांचे पोर विचारी, ‘हा घोडा चालत का नाही?’ याहून कठोर परीक्षक मला ठाऊक नाही.

आता राष्ट्रीय पातळीवर काय झाले तेही थोडक्यात सांगतो, कारण आजच्या वादाचे मूळ तेथे आहे. विद्यार्थ्यांना सेवाकार्यात कसे आणावे याचा विचार करण्यासाठी 1959 साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने सुमारे नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी, असे या समितीने सुचवले. ते अमलात आले नाही. त्यानंतर सय्यदैन यांनी इतर देशांतल्या व्यवस्था पाहून सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती 37 विद्यापीठांत आणि सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि एक विशेष शिबिर, असा तिचा आराखडा. सक्ती की स्वेच्छा, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या शिक्षणात उभा आहे. आणि त्याचे उत्तर मला एका खेड्यात, चिखलात उभे असताना मिळाले.

1978 सालच्या हिवाळ्यातली ही हकीकत. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमचे दहा दिवसांचे शिबिर शहरापासून 17-18 किलोमीटरवरच्या एका गावात होते. हातपंप आणि घरांच्या मोऱ्या यांचे सांडपाणी रस्त्यावर वाहत असे, डास होत. म्हणून घरोघर शोषखड्डे करायचे ठरले. शोषखड्डा ही वरवर अगदी साधी गोष्ट आहे. साधारण मीटरभर लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यायचा, तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम, त्यावर बारीक खडी, असे थर द्यायचे. पाणी जेथून आत शिरते तेथे बुडाला भोके पाडलेले मडके बसवायचे आणि त्यात काथ्या किंवा गवत भरायचे, म्हणजे गाळ वरच्यावर अडतो. ते गवत अधूनमधून बदलायचे. आमच्या भागातल्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खालचा मुरमाड थर लागेपर्यंत खणावे लागते. हे सगळे मला माहीत होते. मृदेच्या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, आणि म्हणूनच मला गटप्रमुख केले होते.

बारा खड्ड्यांचे उद्दिष्ट होते. आठव्या दिवसापर्यंत नऊ झाले. दहाव्या दिवशी सकाळी समारोप, पाहुणे येणार, छायाचित्रकार येणार. दगड संपले होते, बैलगाडी दुसऱ्या दिवशी मिळणार होती. मी उरलेले तीन खड्डे दीड-दोन हात खोल खणवले, हाताला लागतील ती विटांची रोडी आणि ढेकळे त्यांत टाकली आणि वरून माती सारखी करून घेतली. मडकी बसवलीच नाहीत. वरून पाहणाऱ्याला बाराही खड्डे सारखेच दिसत होते. अहवालात मी ‘पूर्ण : 12’ असे लिहून सही केली. समारोपात टाळ्या झाल्या आणि मला उत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून प्रमाणपत्र मिळाले. आईने ते देवघराच्या वरच्या भिंतीवर लावले.

पुढच्या पावसाळ्यानंतर काही कामानिमित्त मी त्या गावावरून जात होतो. पाय आपोआप त्या तीन घरांकडे वळले. तिन्ही ठिकाणी खड्ड्यांच्या जागी डबकी झाली होती. पूर्वी पाणी वाहून तरी जाई. आता ते दारातच साचून राहिले होते. एका दारात एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले, पाणी दिले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘दीकरा, तमे तो खाडो करीने जता रह्या.’ बाळा, तुम्ही खड्डा करून निघून गेलात. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरांकडे गेलो. दांडियाबाजारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत, तेव्हा ते निवृत्त झालेले, कंदिलाची काच पुसत बसले होते. मी सगळे सांगितले. प्रमाणपत्राचेही सांगितले. ते मला रागावतील किंवा क्षमा करतील, यांपैकी काहीतरी एक होईल असे मला वाटले होते. त्यांनी काच कंदिलात बसवली आणि विचारले, ‘त्या बाईंच्या दारात आज पाणी आहे?’ मी म्हणालो, ‘आहे.’ ‘मग येत्या रविवारी काय करणार आहेस?’

आम्ही चौघे मित्र लागोपाठ तीन रविवार सायकलींनी त्या गावी गेलो. साचलेले पाणी उपसले, रोडी काढली, मुरूम लागेपर्यंत खणले. गावातल्या एका शेतकऱ्याने बांधावरचे दगड दिले. मडक्यांचे पैसे आम्ही चौघांनी घातले. तिसऱ्या रविवारी दुपारी त्या बाईंनी भांडी घासली आणि पाणी गुरगुरत खाली गेले, तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्या तीन रविवारांची कोणत्याही वहीत नोंद नाही. हजेरीपट नव्हता, तास मोजले गेले नाहीत, कोणी पाहुणा आला नाही. परंतु शिबिराच्या त्या दहा दिवसांत मी जे शिकलो नाही, ते या तीन दिवसांत शिकलो.

पुढे माझे सारे आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेले. ‘काम पूर्ण झाले’ अशा दाखल्यांवर मी किती सह्या केल्या असतील याची गणती नाही. प्रत्येक वेळी सहीपूर्वी जागेवर जाऊन झाकण उघडून पाहण्याची सवय मला होती. कंत्राटदार मला संशयी म्हणत. त्यांना कसे सांगणार, की मी त्यांच्यावर नव्हे, स्वतःवर संशय घेत होतो!

मित्रहो, या हकीकतीवरून माझा मुद्दा आता आपल्या लक्षात आला असेल. व्यक्तिविकास हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. चारचौघांत धीटपणे बोलता येणे, मंचावर उभे राहता येणे, इंग्रजीत ओळख करून देता येणे, यालाच व्यक्तिविकास समजले जाते. ही कौशल्ये उपयोगाची आहेत. मी त्यांना कमी लेखत नाही. पण वर्गात न मिळणारी गोष्ट ती नव्हे. वर्गात माझी चूक माझ्यापुरती असते. उत्तर चुकले तर माझे गुण जातात, शेजाऱ्याचे जात नाहीत. नाटकात प्रवेश घ्यायला उशीर झाला तर समोरचा नट उघडा पडतो. मंडळाचा हिशेब चुकला तर दुसऱ्याच्या वर्गणीचा पैसा बुडतो. गिर्यारोहणात दोराची गाठ सैल राहिली तर काय होते हे सांगायला नको. आपल्या कामावर दुसऱ्या माणसाचे काही अवलंबून आहे, ही जाणीव वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी होणे, आणि चूक झालीच तर ती दुरुस्त करण्याइतकी लहान असताना होणे, याला मी शिक्षण म्हणतो. तीच चूक चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा झाली तर धरण गळते, बँक बुडते, रुग्ण दगावतो.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी सांगतो. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात गुजराती, महाविद्यालयात हिंदी आणि इंग्रजी. वर्गात या भाषा एकमेकींना भेटत नाहीत. त्या भेटतात तालमीत, मैदानावर, शिबिराच्या स्वयंपाकघरात. पोळी भाजायला बसलेल्या पटेल, सोळंकी, शेख आणि जोशी यांना एकमेकांचे शब्द शिकावेच लागतात. माझी गुजराती पुस्तकातून आलेली नाही, ती त्या शिबिरातल्या चुलीपाशी आली. आणि त्या वृद्ध बाईंचे वाक्य मला भाषांतराशिवाय कळले, म्हणूनच ते इतके खोल गेले.

आता आजच्या परिस्थितीकडे येतो. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमीय, सहअभ्यासक्रमीय आणि अभ्यासेतर यांच्यातली कठोर भिंत नसावी असे म्हटले आहे. आता अशा उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. माझ्या तक्रारीचे हे उत्तरच म्हणायला हवे, आणि मी त्याचे स्वागत करतो. का, तेही सांगतो. आमच्या वेळी शिबिराला येऊ न शकणारे पुष्कळ होते. माझा एक वर्गमित्र संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहीत असे. त्याच्या घरची चूल त्यावर चाले. कितीतरी मुलींना दिवेलागणीच्या आत घरी परतावे लागे. हौसेला वेळ लागतो आणि वेळ सर्वांपाशी सारखा नसतो. हे उपक्रम वेळापत्रकाच्या आत आले, तर ज्यांना ‘बाहेर’ परवडत नाही त्यांनाही ते मिळतील. म्हणून केवळ स्वेच्छेचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही.

पण मला एक भीतीही वाटते, आणि ती माझ्या भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राने शिकवलेली आहे. ज्या कामाला श्रेयांक आहे ते काम श्रेयांक मिळताच संपते. तास भरले, छायाचित्र निघाले, अहवाल गेला. मग झाड लावणारे शेकडो आणि त्याला उन्हाळ्यात पाणी घालणारा एकही नाही, असे होते. श्रेयांक विद्यार्थ्याला दारापर्यंत आणू शकतो. आत पाऊल त्यालाच टाकावे लागते. म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे की उपक्रमाचे मूल्यमापन समारोपाच्या दिवशी करू नका. सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांना त्याच जागी घेऊन जा. काय टिकले, काय मोडले, ते त्यांनाच लिहू द्या. ‘पूर्ण : 9, अपूर्ण : 3’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कमी गुण मिळणार नाहीत, अशी व्यवस्था करा. मला त्या दिवशी तसे लिहिण्याचे धैर्य झाले नाही, याचा दोष माझा आहे. पण तसे लिहिलेले चालते असे कोणी सांगितलेही नव्हते.

विद्यार्थ्यांना तीनच गोष्टी सांगतो. पाच मंडळांत नाव घालू नका; एकच निवडा आणि त्यात किमान दोन वर्षे राहा. पहिल्या वर्षी माणूस पाहुणा असतो, दुसऱ्या वर्षी त्याला घरातली गळती दिसू लागते. दुसरे, एकदा तरी न दिसणारे काम मागून घ्या. पडदा ओढण्याचे, हिशेब ठेवण्याचे, सतरंज्या झटकण्याचे. तिसरे, तुमच्या हातून काय बिघडले याची एक वही ठेवा. ती कोणाला दाखवू नका, पण जपून ठेवा.

पालकांना एवढेच म्हणेन, की मुलगा तालमीहून उशिरा घरी आला तर ‘अभ्यास कधी करणार?’ हे जरूर विचारा. पण त्याबरोबर ‘आज तुझ्यावर कोणती जबाबदारी होती?’ हेही विचारा. उत्तर देता आले नाही, तर तो नुसता भटकून आला असे खुशाल समजा.

आणि माझ्या माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपण दरवर्षी या समारंभाला येतो, देणगी देतो, जुन्या आठवणी काढतो. ते चांगलेच आहे. परंतु या शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींना देणगीपेक्षा आपल्या रविवारांची अधिक गरज आहे. ज्याला बांधकाम कळते त्याने, हिशेब कळतो त्याने, नाटक कळते त्याने, महिन्यातला एक रविवार त्यांना द्यावा. मीही देणार आहे. येत्या वर्षी प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता मी शाळेच्या फाटकापाशी असेन. जवळच्या वस्त्यांत सांडपाण्याचे काम पुष्कळ आहे, आणि शोषखड्डा कसा करू नये हे माझ्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही. हजेरी घेतली जाणार नाही.

आईच्या निधनानंतर घर आवरताना ते प्रमाणपत्र माझ्या हाती आले. मी ते फाडले नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले : ‘9. उरलेले 3 नंतर.’ सर असते तर त्यांनी ते वाचले असते, चष्मा वर सरकवला असता, आणि कदाचित येत्या रविवारचे विचारले असते.